ॲथलेटिक ट्रेनर: नावात ट्रेनर, काम वैद्यकीय

घोटा मुरगळून मैदानात पडलेल्या खेळाडूला ‘दुखतंय का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. दुखतंय हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतंय. धावत आलेलं माणूस जाणतं असेल तर त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. पाय पडला कसा? आत वळला की बाहेर? काही तुटल्यासारखा आवाज आला का? मग बोटं कामाला लागतात, पण सगळ्यात जास्त सुजलेल्या जागी नाही. आधी बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून सुमारे ६ सेंटिमीटर वरपर्यंत. मग आतल्या घोट्याची तशीच कड. मग पावलाच्या बाहेरच्या बाजूने, करंगळीच्या रेषेत मागे येत, जिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो ती जागा. मग आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेलं छोटं हाड. शेवटी खेळाडूला उभं करून बघायचं, चार पावलं टाकता येतात का. लंगडत टाकली तरी चालतील.

या जागांपैकी कुठेही हाड दाबल्यावर कळ आली किंवा चार पावलं टाकताच आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. दोन्ही नसेल तर बहुधा हाड शाबूत आहे आणि लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा, ताणलं गेलंय. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे नियम मांडले, म्हणून त्यांना ओटावा नियम म्हणतात. नियम साधे आहेत, पण ते वापरायला बोटांना शरीर ठाऊक असावं लागतं. नाहीतर आपल्याकडे प्रत्येक मैदानावर मिळणारा फुकटचा सल्ला आहेच: ‘जरा चालून बघ, सुटेल.’

अमेरिकेत शाळेच्या, कॉलेजच्या किंवा व्यावसायिक संघाच्या मैदानावर हे काम जी व्यक्ती करते तिला ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात. घोळ या नावापासूनच सुरू होतो. ‘ट्रेनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिममध्ये वजनं उचलायला लावणारा माणूस येतो. अमेरिकेतल्या लोकांचंही तेच होतं, आणि या व्यवसायातली मंडळी नुसतं ‘ट्रेनर’ म्हटलं की वैतागतात. त्यांचा वैताग मला रास्त वाटतो. जिममधला पर्सनल ट्रेनर निरोगी माणसाकडून व्यायाम करून घेतो. ॲथलेटिक ट्रेनर हा परवानाधारक आरोग्यसेवक असतो. दुखापत टाळणं, ती ओळखणं, जागेवर तातडीचे उपचार करणं आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगं करणं, हे सगळं तो डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली करतो. क्रिकेट बघणाऱ्याला कल्पना यावी म्हणून ‘संघाचा फिजिओ’ म्हणता येईल, पण तीही तुलना अर्धीच आहे. फिजिओथेरपिस्टकडे रुग्ण सहसा दुखापत झाल्यावर जातो. ॲथलेटिक ट्रेनर दुखापत होते तेव्हा तिथेच असतो, आणि व्हायच्या आधीही.

(लेखात कुठे ‘तो’ आणि कुठे ‘ती’ येईल. या व्यवसायात आज निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत, तेव्हा नुसतं ‘तो’ लिहिणं चुकीचं ठरेल.)

बादली आणि मलमापासून पदवीपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कॉलेजांच्या फुटबॉल संघांबरोबर पाण्याची बादली, चिकटपट्टीचे रोल आणि अंग चोळायचं मलम घेतलेला एक माणूस असायचा. फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. तो माणूस शिकायचा तो जुन्या माणसाच्या हाताखाली. काहींचा हात विलक्षण होता, काहींच्या कल्पना धोकादायक होत्या, आणि कोणता कुठला हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता.

१९५० मध्ये मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत ही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे तिला ‘नाटा’ म्हणतात. १९७० मध्ये प्रमाणपत्रासाठी पहिली परीक्षा झाली. पुढे परीक्षा घेणारं मंडळ संघटनेपासून वेगळं काढलं गेलं. सभासदांचं भलं बघणारी आणि सभासदांना तपासणारी संस्था एकच नसावी, एवढंच त्यामागचं कारण, आणि ते पुरेसं आहे. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या कामाला आरोग्यसेवेतला संलग्न व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

तरीही एक चोरवाट उरली होती. ठरावीक तास अनुभवी माणसाबरोबर काम केलं की मान्यताप्राप्त अभ्यासक्रम न करताही परीक्षेला बसता यायचं. ही वाट २००४ मध्ये बंद झाली. नंतर २०१५ मध्ये ठरलं की व्यवसायात येण्यासाठी लागणारी पदवी बॅचलरऐवजी मास्टर्सची असावी, आणि २०२२ नंतर बॅचलर पातळीवरच्या या अभ्यासक्रमांत नवे विद्यार्थी घेणं थांबलं. यावर व्यवसायातच बरीच वादावादी झाली. शिकण्याचा खर्च वाढला, पगार मात्र त्या मानाने वाढला नाही, हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि तो खोटा नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये या कामाचा मध्यक पगार वर्षाला सुमारे ५८ हजार डॉलर होता. मास्टर्स करून, शनिवार-रविवार मैदानावर घालवून मिळणारा हा पगार अमेरिकेच्या मानाने फार नाही.

अंगाला हात लावण्याआधी काय काय लागतं

पहिली पायरी मान्यताप्राप्त मास्टर्स अभ्यासक्रमाची. मान्यता देणाऱ्या संस्थेला ‘केट’ म्हणतात. अभ्यासक्रम सहसा २ वर्षांचा असतो. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्राची ओळख, रोगनिदान, मानसिक आरोग्य, आहार, पुनर्वसन असे विषय येतात, आणि त्याच्या बरोबरीने प्रत्यक्ष रुग्णांवरचं काम. नुसत्या वर्गात बसून हा धडा येत नाही. लॅकमन चाचणीचंच बघा. गुडघ्यातलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे खेळाच्या बातम्यांतलं ‘एसीएल’, तुटलंय का हे हाताने ओळखायची ही चाचणी आहे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगीचं हाड पुढे ओढायचं. लिगामेंट शाबूत असेल तर शेवटी दोरी ताणल्यासारखा ठाम अटकाव लागतो. तुटलं असेल तर हाड पुढे सरकत राहतं आणि शेवट मऊ लागतो. हा फरक पुस्तकातून समजत नाही. निरोगी गुडघे शेकड्यांनी ओढून बघितल्यावर बिघडलेला गुडघा हाताला कळतो. शिवाय ही चाचणी पहिल्या काही मिनिटांत सगळ्यात चांगली लागते, कारण तासाभरात गुडघा सुजतो, स्नायू आखडतात आणि मग काही हलत नाही. दुखापतीच्या वेळी हजर असण्याचा एक फायदा असा आहे.

दुसरी पायरी परीक्षेची. ‘बीओसी’ या मंडळाची ही परीक्षा १७५ प्रश्नांची आणि ४ तासांची असते. ती उत्तीर्ण झाली की नावापुढे ‘एटीसी’ ही अक्षरं लावता येतात. तिसरी पायरी राज्याच्या परवान्याची. अमेरिकेत आरोग्यसेवकांना परवाने राज्यं देतात, त्यामुळे एका राज्यात जे करायची मुभा आहे ते दुसऱ्या राज्यात असेलच असं नाही. आणि यात एक मोठी विसंगती वर्षानुवर्षं राहिली. बाकी सगळ्या राज्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे या कामाचं नियमन केलं, पण खेळाडूंनी भरलेलं कॅलिफोर्निया मागे राहिलं. तिथे परवान्यासाठी विधेयकं येत गेली आणि अडत गेली.

प्रमाणपत्र मिळालं की सुटलो, असंही नाही. दर २ वर्षांनी ५० तासांच्या तोडीचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं आणि हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण चालू ठेवावं लागतं. या शेवटच्या अटीचं कारण पुढे येईलच.

दिवस कसा जातो

मंडळाने या कामाचे ५ भाग केले आहेत: धोका कमी करणं, तपासणी आणि निदान, तातडीचे प्रसंग हाताळणं, उपचार व पुनर्वसन, आणि प्रशासन. कागदावर पाचही भाग सारखे दिसतात. प्रत्यक्षात दिवस चिकटपट्टीने सुरू होतो आणि नोंदींनी संपतो.

घोट्याला पट्टी बांधणं बघायला गंमत वाटते. खेळाडू टेबलावर बसतो, पाऊल काटकोनात धरतो. आधी पातळ फोमचा थर. त्यावर पोटरीच्या खाली आणि पावलाच्या मध्यावर अडकवण्यासाठी एकेक पट्टी. मग घोड्याच्या रिकिबीसारख्या पट्ट्या: आतल्या बाजूने निघून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर खेचायच्या, म्हणजे पाऊल आत वळायला विरोध होतो. मग इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे, आणि टाच जखडून टाकणारे वेढे. सराईत हात एक घोटा दोन-तीन मिनिटांत संपवतो. कुठे सुरकुती राहिली तर तासाभराच्या धावण्यात तिथेच फोड येतो, त्यामुळे खेळाडू सुरकुतीवरून हात ओळखतात. मात्र पट्टी हा उपचार नाही. घामाने आणि हालचालीने ती खेळ सुरू झाल्यावर सैल होत जाते. खरं काम आठवडाभर चाललेलं असतं: एका पायावर तोल सांभाळायचे, घोट्याभोवतीचे स्नायू वेळेवर जागे व्हायला शिकवणारे व्यायाम. ते कंटाळवाणे असतात आणि खेळाडू ते चुकवतात. ट्रेनरचा निम्मा जीव त्यांच्या मागे लागण्यात जातो.

उन्हाचं काम यापेक्षा फार गंभीर आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा खेळाडू १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने गेला. आदल्या दिवशी कडक उन्हात, पूर्ण पॅड घालून सराव झाला होता. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात २०१० मध्ये एक संस्था उभी राहिली आणि तिने खेळातल्या उष्माघाताबद्दलच्या पद्धती देशभर पोचवल्या. त्यातली मुख्य गोष्ट ऐकायला उलटी वाटते: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या.

एरवी आपण आजारी माणसाला आधी रुग्णालयात न्यायला धावतो. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात मात्र शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदू गोंधळतो. खेळाडू असंबद्ध बोलतो, चिडतो, कोसळतो. आतले अवयव त्या तापमानात जितका वेळ राहतील तितकं नुकसान, म्हणून ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसणं म्हणजे तेवढी मिनिटं घालवणं. ट्रेनरकडे बर्फ आणि पाण्याने भरलेला मोठा टब सरावाच्या आधीपासून तयार असतो. खेळाडूला मानेपर्यंत त्यात उतरवतात. काखांखालून टॉवेल किंवा चादर घालून एक जण मागून धरतो, म्हणजे डोकं बुडत नाही. दुसरा पाणी सारखं हलवत राहतो, कारण अंगाला लागून असलेला पाण्याचा थर लगेच कोमट होतो. तापमान गुदद्वारातून मोजतात. शाळांमध्ये याला संकोचापोटी विरोध होतो, पण कपाळावरचा किंवा तोंडातला थर्मामीटर अशा वेळी चक्क खोटं सांगतो. घामाने ओली झालेली कातडी थंड लागते आणि आत भट्टी पेटलेली असते. ३० मिनिटांच्या आत तापमान सुमारे ३९ अंशांपर्यंत आणायचं, बाहेर काढायचं आणि मग ॲम्ब्युलन्स.

मॅसॅच्युसेट्समध्ये फाल्मथ इथे दर उन्हाळ्यात धावण्याची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर वैद्यकीय तंबूत अशाच गार पाण्याच्या टबाने उपचार झाले. त्यातला एकही दगावला नाही. वैद्यकशास्त्रात असा आकडा सहसा दिसत नाही.

टबाची वेळ येऊ नये म्हणून ट्रेनर आधीच हिशेब करतो. नुसतं हवेचं तापमान त्याला पुरत नाही. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर, काळ्या गोळ्यातला थर्मामीटर आणि साधा थर्मामीटर, अशा तिघांच्या आकड्यांतून एक निर्देशांक काढतात. त्यात ओल्याचं वजन ७० टक्के, काळ्या गोळ्याचं २० टक्के आणि साध्याचं फक्त १० टक्के असतं. म्हणजे हवेतला दमटपणा पाऱ्यापेक्षा महत्त्वाचा, कारण घाम वाळला नाही तर अंग निवतच नाही. या आकड्यावर सराव पुढे ढकलायचा, कमी करायचा की रद्द करायचा हे ठरतं. हंगामाच्या सुरुवातीला शरीराला उन्हाची सवय व्हायला १४ दिवस द्यायचे, असं नाटाच्या शालेय खेळाडूंसाठीच्या २००९ च्या शिफारशी सांगतात. फुटबॉलमध्ये पहिले २ दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, सहाव्या दिवसापासून पूर्ण साज. विजा चमकल्या तर मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही. अशा दिवशी ट्रेनरवर कोण कोण भडकतं, त्याची यादी मोठी होईल.

सिनसिनाटीची संध्याकाळ

बहुतेकांना हा व्यवसाय दिसतच नाही. तो साऱ्या जगाला दिसला २ जानेवारी २०२३ रोजी. सिनसिनाटीत बफेलो बिल्स आणि बेंगॉल्स या व्यावसायिक फुटबॉल संघांचा सामना टीव्हीवर थेट चालू होता. बिल्सच्या डमार हॅमलिनने समोरच्या खेळाडूला अडवलं. छातीवर धडक बसली. तो उठून उभा राहिला आणि लगेच मागे कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं.

या प्रकाराला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. हृदय अगदी निरोगी असतं. पण प्रत्येक ठोक्याच्या चक्रात काही मिलिसेकंदांचा एक नाजूक टप्पा येतो. नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या जागी छातीवर आघात झाला तर हृदयाची विद्युत लय विस्कटते आणि ते नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही. लय जागेवर आणायला छातीवर दाब आणि शॉक देणारं यंत्र लागतं, तेही ताबडतोब. दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

बिल्सचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी हॅमलिनच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. यंत्र आणलं गेलं, शॉक दिला गेला, मैदानावरच हृदय पुन्हा चालू झालं. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुढच्या हंगामात खेळलाही.

या कथेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग टीव्हीवर दिसला नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रत्येक सामन्याच्या ६० मिनिटं आधी दोन्ही संघांचे डॉक्टर, ट्रेनर आणि ॲम्ब्युलन्सची माणसं एकत्र भेटतात. शॉकचं यंत्र कुठे आहे, श्वासनलिकेत नळी कोण घालणार, ॲम्ब्युलन्स कुठल्या दारातून येणार, रुग्णालय कुठलं, हे सगळं बोलून घेतलं जातं. त्या संध्याकाळी कुणीही कुणाला ‘आता काय करायचं?’ असं विचारत बसलं नाही. शाळेच्या मैदानासाठीही ट्रेनर अशीच लेखी योजना तयार करतो. फाटकाची किल्ली कोणाकडे, ॲम्ब्युलन्सला रस्त्यावर उभं राहून वाट दाखवणार कोण, इतक्या बारीक गोष्टी त्यात असतात. किल्ली न सापडल्यामुळे गेलेली चार मिनिटं कुठलीही पदवी भरून काढत नाही.

‘आज नाही’

अमेरिकेत इतक्या परीक्षा आणि परवाने या लोकांना का लागतात, असा प्रश्न पडू शकतो. माझं उत्तर असं: त्यांना ‘नाही’ म्हणायचं असतं, आणि ते टिकवायचं असतं.

मेंदूला हादरा बसतो तेव्हा हे उघड दिसतं. डोक्याला धडक बसलेला खेळाडू शुद्धीवर असतो, बोलतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो. बहुतेक हादऱ्यांमध्ये शुद्ध हरपतच नाही. ट्रेनर त्याला बाजूला घेऊन प्रश्न विचारते. आज वार कोणता, असले नाही. ते हादरा बसलेल्यालाही सांगता येतं. ‘आपण कुठल्या मैदानावर आहोत? आता कितवा हाफ चाललाय? शेवटचे गुण कुणी मिळवले? मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो?’ ताज्या आठवणींचे धागे आधी सुटतात, म्हणून हे प्रश्न. मग काही शब्द सांगून ते परत म्हणायला लावायचे, महिने उलट क्रमाने, एका रेषेत एकापुढे एक पाऊल ठेवून तोल. हंगामाच्या आधी त्याच खेळाडूची हीच चाचणी घेतलेली असते, तिच्याशी तुलना करायची. मुळातच महिने उलटे म्हणताना अडखळणारी माणसं असतात, आणि ते माहीत असावं लागतं.

हादऱ्याचा संशय असेल तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. यात तडजोड नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये हा नियम शालेय खेळाडूंसाठी कायद्यात आणला. पहिल्या हादऱ्यानंतर लवकर मैदानात परतलेल्या एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती, त्यातून तो कायदा झाला. नंतर इतर राज्यांनीही असे कायदे केले. परतणं पायऱ्यापायऱ्यांनी होतं. रोजची हलकी कामं, मग हलका व्यायाम, मग खेळाच्या हालचाली, मग धडक नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, मग सामना. दोन पायऱ्यांत किमान २४ तास. लक्षणं वाढली तर एक पायरी मागे.

आता कल्पना करा. अंतिम सामना, शेवटची १० मिनिटं, संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू बाकावर, आणि प्रशिक्षक विचारतोय, ‘खरंच एवढं काही आहे का?’ खेळाडू स्वतः विनवतोय. आईवडील कठड्याशी येऊन उभे आहेत. ट्रेनरने खेळाडूचं हेल्मेट उचलून स्वतःच्या काखेत धरलंय. ही युक्ती सर्रास वापरली जाते: हेल्मेट हातात नसेल तर खेळाडू गडबडीत आत घुसू शकत नाही.

इथे एक पेच आहे, आणि तो खाजगीत सगळे मान्य करतात. या ट्रेनरला नोकरीवर कुणी ठेवलंय? तिचा वार्षिक अहवाल जर प्रशिक्षकच लिहिणार असेल तर तिच्या ‘नाही’ला धार किती राहील? कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए. तिच्या सगळ्यात मोठ्या परिषदांनी, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी, २०१६ मध्ये नियम केला की खेळाडूच्या आरोग्याबद्दलचा आणि परतण्याबद्दलचा निर्णय संघाचे डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर यांचाच, त्याला प्रशिक्षक आव्हान देऊ शकत नाही. व्यावसायिक फुटबॉलने २०१२ पासून वर कक्षात बसणारे स्वतंत्र ॲथलेटिक ट्रेनर नेमले. ते कुठल्याच संघाचे नसतात. पडद्यावर बघून कुणी डगमगतोय असं दिसलं तर खाली कळवतात, आणि २०१५ पासून खेळ थांबवूही शकतात. माझ्या मते २०१६ चा नियम या व्यवसायातल्या कुठल्याही पदवीपेक्षा मोलाचा आहे, पण नियम कागदावर असणं आणि हरायला आलेल्या संघाच्या बाकाजवळ तो पाळला जाणं यात अंतर उरतंच. प्रत्येक हंगामात ते थोडंथोडं कापावं लागतं.

आणि हे सगळं ट्रेनर जिथे आहे तिथलं झालं. अमेरिकेतल्या सुमारे दोन तृतीयांश शाळांना ॲथलेटिक ट्रेनरची काही ना काही सोय मिळते, पण पूर्णवेळ ट्रेनर असलेल्या शाळा त्यापेक्षा बऱ्याच कमी. उरलेल्या ठिकाणी निर्णय प्रशिक्षकच घेतो. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याला सामना जिंकायचा असतो आणि लॅकमन चाचणी येत नसते.

मैदानाबाहेर

हे लोक आता केवळ खेळात राहिलेले नाहीत. सैन्यात, नृत्यसंस्थांत, रुग्णालयांत, गोदामांत आणि कारखान्यांत ते काम करतात. दिवसभर खोकी उचलणाऱ्या कामगाराच्या आणि गोलंदाजाच्या खांद्यात शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोघांचंही दुखणं एकाच हालचालीच्या हजार आवर्तनांतून येतं. कारखान्यातली वेळ ठरलेली, रविवार मोकळा, त्यामुळे बरेच जण शाळा सोडून तिकडे वळतात. शाळांना ट्रेनर न मिळण्याचं हेही एक कारण आहे.

अमेरिकेबाहेर हेच काम वेगळ्या नावांनी चालतं. कॅनडात त्याला ॲथलेटिक थेरपिस्ट म्हणतात आणि त्यांची राष्ट्रीय संघटना १९६५ पासून आहे. आयर्लंडमध्येही जवळपास असाच व्यवसाय आहे. इतर बऱ्याच देशांत हे काम क्रीडा-फिजिओ आणि संघाचे डॉक्टर वाटून घेतात.

ज्याचं मूल अमेरिकेत शाळेच्या संघात खेळतंय त्याने शाळेला चार प्रश्न विचारावेत. सरावाला ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो की फक्त सामन्याला? शॉकचं यंत्र मैदानापासून किती पावलांवर आहे? उन्हाळ्यात बर्फाचा टब भरलेला असतो का? खेळायचं की नाही हा शेवटचा शब्द कोणाचा? ट्रेनरचं प्रमाणपत्र चालू आहे का, हे बीओसीच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही बघता येतं.

आणि तो सुरुवातीचा घोटा? हाड शाबूत निघालं, असं धरू. पुढचे काही दिवस सूज उतरेपर्यंत हलक्या हालचाली, मग एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून. दोन-तीन आठवड्यांनी खेळाडू म्हणतो, ‘आता अजिबात दुखत नाही.’ ट्रेनर त्याला दुखऱ्या पायावर लंगडी घालत पुढे उड्या मारायला सांगते, मग चांगल्या पायावर. दोन्ही अंतरं टेपने मोजते, वहीत लिहिते, दुखरा पाय चांगल्या पायाच्या किती टक्के भरला ते काढते आणि म्हणते, ‘गुरुवारी परत मोजू.’